उत्तर आधी, प्रश्न नंतर

गेल्या आठवड्यात विभागातली एक ज्युनिअर तिचा सिनॉप्सिस घेऊन माझ्याकडे आली. विषय फॉस्फेट विरघळवणाऱ्या जिवाणूंचा, पीक रब्बी ज्वारी. 'रिसर्च क्वेश्चन्स' या मथळ्याखाली चार प्रश्न होते. पहिला असा: 'हाऊ डू फॉस्फेट सोल्युबिलायझिंग बॅक्टेरिया इन्क्रीज द यील्ड ऑफ रबी सोरघम?' म्हणजे हे जिवाणू रब्बी ज्वारीचं उत्पादन कसं वाढवतात?

व्याकरण बघायला गेलं तर वाक्य निर्दोष आहे. 'डू' जागेवर, क्रियापद मूळ रूपात, शेवटी प्रश्नचिन्ह. मी विचारलं, "हे प्रश्न काढलेस कसे?" ती म्हणाली, "ताई, ऑब्जेक्टिव्ह आधीच लिहून झाले होते ना. त्यांचेच प्रश्न केले."

मला हसू आलं. मीसुद्धा माझ्या वेळी नेमकं हेच केलं होतं. आणि आम्ही दोघी हे शिकलो ती जागाही एकच आहे. ती आठवी ते बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात आहे, एक गुणाला.

तुम्हालाही तो प्रश्न आठवत असेल. वाक्य दिलेलं असतं, त्यातला एक भाग अधोरेखित असतो, आणि सूचना असते की अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा डब्ल्यूएच प्रश्न तयार करा. 'रवी गोज टू स्कूल बाय बस.' खाली रेघ 'बाय बस'ला. आपण लिहायचं, 'हाऊ डज रवी गो टू स्कूल?' झाला एक गुण. 'वाक्याचा प्रकार बदला' या सदरात विधानार्थी वाक्याचं प्रश्नार्थी करा, असाही एक भाऊबंद असतो. वरच्या वर्गात गेलं की रेन आणि मार्टिनचं जाड पुस्तक येतं. त्यात विधान आणि प्रश्न यांची अदलाबदल करायचा जो भाग आहे, त्यातले बरेचसे प्रश्न तर प्रश्नच नसतात, ती ठासून केलेली विधानं असतात. 'आईची माया कोणाला कळली आहे?' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला उत्तर नको असतं, तसले.

म्हणजे इंग्रजीत प्रश्न करायचं आपलं सगळं शिक्षण 'उत्तर आधी, प्रश्न नंतर' या क्रमाने झालं. उत्तर पानावर छापलेलं, त्याच्याखाली रेघसुद्धा मारलेली. आपण फक्त त्याला प्रश्नाचा सदरा घालायचा. या धड्यावर माझा आक्षेप आहे तो इथे. पण तो नीट मांडायचा तर आधी धड्याची बाजू सांगायला हवी, कारण तो धडा टाकाऊ नाही.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, ज्या घरांत इंग्रजी कोणी बोलत नाही अशा मुलांना, हा यंत्रासारखा सराव आधार देतो. आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या बाईंनी फळ्यावर तीन खाने आखले होते: डू, डझ, डिड. खाली त्यांची क्रियापदं. मी आजही घाईत बोलताना तो फळा बघते. आणि हा भाग खरोखर अवघड आहे. मराठीत प्रश्न करायला वाक्य हलवावंच लागत नाही. 'नीताने पेपर वाचला', 'नीताने काय वाचलं?' जिथे 'पेपर' होता तिथेच 'काय' बसलं. इंग्रजीत ते 'व्हॉट' उचलून वाक्याच्या तोंडाशी न्यायचं, मग 'डिड' आणायचा, मग 'रीड' मूळ रूपात ठेवायचं. एका प्रश्नासाठी तीन हालचाली.

यातली 'डिड'ची भानगड बहुतेकांना शेवटपर्यंत समजत नाही, नुसती पाठ असते. 'डिड यू वेंट?' ही चूक एमएस्सीपर्यंत ऐकू येते. खरं तर कारण सोपं आहे. इंग्रजी वाक्यात काळ दाखवायची जागा एकच असते. विधानात काळ क्रियापदाला चिकटलेला असतो: 'वेंट'. प्रश्न करताना तो काळ कर्त्याच्या पुढे न्यायचा असतो, पण साधं क्रियापद जागचं हलत नाही. मग काळ एकटा कसा जाणार? त्याला बसायला 'डू' नावाची रिकामी गाडी आणतात. काळ त्या गाडीत बसला, 'डिड' झाला, आणि मागे उरलं नुसतं 'गो'. काळ दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून 'डिड वेंट' चूक. हे एवढं जरी सांगितलं तरी तो तीन खान्यांचा फळा अर्धा हलका होईल.

आणि हा नियम काही अनादी नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत 'डू' घेतलेले आणि न घेता क्रियापदच पुढे आणलेले असे दोन्ही तऱ्हेचे प्रश्न शेजारीशेजारी सापडतात. अल्वार एलेगोर्ड या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ मध्ये साधारण १४०० ते १७०० या काळातल्या मजकुरातली वाक्यं मोजून 'डू' कसा पसरत गेला याचा आलेखच काढला. आपल्यासारख्या आलेखावर जीव असलेल्या लोकांनी तो जरूर बघावा. 'इज', 'कॅन', 'विल' यांना आजही 'डू' लागत नाही, ते स्वतःच पुढे जातात, कारण ते त्या जुन्या पद्धतीचे उरलेले रहिवासी आहेत. पुस्तकात हे 'अपवाद' म्हणून येतं. खरं तर आधी तेच घरमालक होते.

आता आणखी एक गोष्ट. 'हू टॉट नीता?' यात 'डू' नाही. 'हू डिड नीता टीच?' यात आहे. धडा सांगतो, 'हू' कर्ता असेल तर डू-डझ-डिड लावू नये. पाठ करा. पण मराठीत विचारलं तर लगेच उजेड पडतो. पहिलं म्हणजे 'नीताला कोणी शिकवलं?' आणि दुसरं म्हणजे 'नीताने कोणाला शिकवलं?' जे काम आपल्याकडे 'ला' आणि 'ने' करतात, ते इंग्रजीत जागा करते. पहिल्या प्रश्नात वाक्यातलं रिकामं भोक कर्त्याच्या जागी आहे, ते आधीच तोंडाशी आहे, मग काही ओलांडून न्यायचंच नाही. दुसऱ्यात भोक पार मागे आहे, तिथून शब्द उचलून कर्त्यावरून पुढे आणावा लागतो, म्हणून गाडी लागते. प्रश्न म्हणजे भोक असलेलं वाक्य, आणि भोक कुठे आहे ते बघा, एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं जात नाही, कारण आपल्या मराठीच्या समजेला इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर उभं केलेलं असतं.

पण हे सगळं चालून जातं. मला जास्त खटकतं ते परीक्षेचं.

धड्यातून मुलं जो नियम उचलतात तो साधारण असा: वाक्यातलं पहिलं साहाय्यकारी क्रियापद शोधा आणि सुरुवातीला आणा. 'द कॉलनी इज यलो', 'इज द कॉलनी यलो?' बरोबर. आता हे वाक्य घ्या: 'द कॉलनी दॅट इज ग्रोइंग ॲट द एज इज यलो.' कडेला वाढणारी वसाहत पिवळी आहे. पहिला 'इज' पुढे आणला तर? 'इज द कॉलनी दॅट ग्रोइंग ॲट द एज इज यलो?' वाक्य मोडलं. पुढे यायला हवा होता दुसरा 'इज', कारण मुख्य वाक्याचा तो आहे. पहिला 'इज' पोटवाक्यात बसलेला, त्याला हात लावायचा नाही. म्हणजे नियम मोजणीचा नाही, रचनेचा आहे. कितवा शब्द हे महत्त्वाचं नसून कोणाच्या घरातला शब्द हे महत्त्वाचं.

भाषाशास्त्रात हे उदाहरण फार गाजलेलं आहे. नोम चॉम्स्की यांनी त्यावरून मोठा युक्तिवाद उभा केला. स्टीफन क्रेन आणि मिनेहारू नाकायामा यांनी १९८७ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ३० इंग्रजीभाषक मुलांवर प्रयोग केला. 'स्टार वॉर्स'मधल्या जबा द हट या पात्राची बाहुली ठेवली आणि मुलांना तिला प्रश्न विचारायला लावले. मुलांनी चुका केल्या, पुष्कळ केल्या. काहींनी 'इज' पुढे आणून शिवाय मूळ जागीही ठेवला. पण पोटवाक्यातला पहिला 'इज' उचलून पुढे नेण्याची चूक त्या मुलांनी केली नाही. हे उपजत आहे की ऐकून आलेलं, यावर पुढे बरीच वादावादी झाली. ती इथे नको.

मला त्यातून घ्यायचा मुद्दा वेगळाच आहे. दहावीच्या पेपरात पोटवाक्य असलेलं वाक्य या प्रश्नाला सहसा येत नाही. साधीच वाक्यं येतात. आणि साध्या वाक्यावर चुकीचा नियम आणि बरोबर नियम एकच उत्तर देतात. मुलाच्या डोक्यात कोणता नियम आहे हे ती चाचणी ओळखूच शकत नाही. पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि चुकीचा नियम सुखाने राहतो. अशा प्रयोगाला आपण लॅबमध्ये काय म्हणतो? वेगळेपण न दाखवणारी चाचणी म्हणतो, आणि गाइड ती परत करायला लावतात.

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

पीएचडीचं पहिलं वर्ष होतं. विभागात बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांचं व्याख्यान. त्यांच्या एका स्लाइडवर उपचार केलेल्या रोपांचे आकडे होते, पण तुलनेचा कंट्रोल दिसत नव्हता. व्याख्यानानंतर प्रश्न विचारा म्हणाले. मागच्या बाकांवर शांतता. मी धीर करून उठले. माझ्या मनात मराठीत अगदी साधा प्रश्न होता: 'तुम्ही कंट्रोल घेतला नाही का?' तोंडातून आलं, "सर, व्हाय यू डिड नॉट टेक कंट्रोल?"

सभागृहात जरा खुसखुस झाली. सरांनी चष्मा काढला, लॅपटॉपवर दोन स्लाइड मागे गेले, आणि काही न बोलता कंट्रोलच्या आकड्यांवर लेझर धरला. मी त्या वेळी वहीत काहीतरी लिहीत होते, ती स्लाइड माझी चुकली होती. मग ते म्हणाले, पुढचा प्रश्न.

बराच काळ मी समजत होते की माझं इंग्रजी कच्चं म्हणून फजिती झाली. 'डिड यू नॉट' म्हणायला हवं होतं, मी उलटं म्हणाले. खोलीवर जाऊन मी ते वाक्य दहा वेळा सुधारून लिहिलं. खूप नंतर लक्षात आलं की वाक्य अगदी शुद्ध असतं तरी फजिती तेवढीच झाली असती. 'व्हाय डिडन्ट यू' म्हटलं की कंट्रोल घेतला नाही हे मी ठरवूनच टाकलं, आता फक्त कारण मागतेय. मला विचारायचं होतं ते वेगळंच: घेतला होता का?

आणि ही चूक इंग्रजीतून आली नाही, ती आमच्या 'का'मधून आली. ही चार वाक्यं जरा मोठ्याने वाचून बघा. 'तुम्ही कंट्रोल घेतला का?' 'तुम्ही कंट्रोल का घेतला?' 'तुम्ही कंट्रोल घेतला नाही का?' 'तुम्ही कंट्रोल का घेतला नाही?' शब्द तेच. 'का' शेवटी असला की हो-नाही विचारतो, आत शिरला की कारण विचारतो. तोच 'का' चौकशीही करतो आणि जाबही विचारतो, फक्त बसायची जागा बदलून. पाच वर्षांचं मराठी पोर यात चुकत नाही. 'तू येतोस का' आणि 'तू का येतोस' यांत काय फरक आहे ते त्याला बरोबर कळतं. माझ्या डोक्यात घाईघाईत भाषांतर झालं, 'का' म्हणजे 'व्हाय', पाठ केलेलं होतं, आणि शेवटच्या 'का'ला मी आतल्या 'का'चं इंग्रजी दिलं.

म्हणजे बघा, प्रश्नात शब्दाच्या जागेने अर्थ बदलतो ही गोष्ट मला मातृभाषेतून येत होती. इंग्रजीच्या धड्याने फक्त एवढं म्हणायचं होतं की, तुमच्याकडे 'का' फिरतो, त्यांच्याकडे क्रियापद फिरतं. त्याऐवजी यादी मिळाली: 'व्हॉट' म्हणजे काय, 'व्हेअर' म्हणजे कुठे, 'व्हाय' म्हणजे का.

यातला जो खरा ऐवज आहे त्याला गृहीतक म्हणू या. संशोधनातलं गृहीतक नव्हे, प्रश्नाच्या पोटातलं. प्रत्येक डब्ल्यूएच प्रश्न काहीतरी आधीच मान्य करून उभा राहतो. 'कोणी खिडकी फोडली?' म्हणजे खिडकी फुटली, आणि कोणीतरी फोडली. 'कसं वाढतं?' म्हणजे वाढतं. 'का कमी झालं?' म्हणजे कमी झालं. हो-नाहीचा प्रश्न मात्र त्या मान्य केलेल्या गोष्टीवरच बोट ठेवतो. आता अधोरेखित भागाचा सराव परत आठवा. तिथे रेघ मारलेला भाग सोडून उरलेलं सगळं वाक्य खरं धरायचंच असतं. 'रवी गोज टू स्कूल' यावर शंका घ्यायची नाही, वाहन फक्त विचारायचं. मुळात रवी शाळेत जातो का, असा प्रश्न त्या पेपरात शून्य गुणांचा आहे. आणि संशोधनात नव्वद टक्के वेळा विचारायचा असतो तो हाच. (नव्वद हा आकडा माझ्या मनाचा आहे, मागे लागू नका.)

गृहीतक नुसतं डब्ल्यूएच शब्दातच असतं असंही नाही, ते एका अक्षरात लपू शकतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि ग्विडो झॅनी यांनी १९७५ मध्ये लोकांना अपघाताची चित्रफीत दाखवली आणि नंतर प्रश्न विचारले. काहींना विचारलं, 'अ' फुटलेला दिवा दिसला का. काहींना विचारलं, 'द' फुटलेला दिवा दिसला का. फरक फक्त आर्टिकलचा. 'द' ऐकणाऱ्यांनी, चित्रफितीत नसलेली गोष्टही दिसल्याचं जास्त वेळा सांगितलं आणि 'माहीत नाही' हे उत्तर कमी वेळा दिलं. 'द' म्हटलं की तो दिवा होताच, तुला दिसला की नाही एवढंच सांग, असा अर्थ होतो. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपण 'द' म्हणजे इंग्रजांची नुसती कटकट समजतो, कुठेही टाकतो, कुठेही वगळतो. ज्यांना प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरायचं आहे, त्यांनी निदान आपल्या इंग्रजी प्रश्नावलीतले 'द' एकदा मोजावेत. मराठी प्रश्नावलीत तेच काम 'ती', 'तो', 'ते' गुपचूप करतात. 'ती फवारणी केली होती का?' आणि 'फवारणी केली होती का?' हे एक नव्हे.

आता ज्या ठिकाणी हा धडा संशोधकाला सगळ्यात जास्त तोंडघशी पाडतो ते सांगते. संशोधनाच्या लेखनात प्रश्नचिन्ह फार थोडं येतं. तुमच्या विषयातला कोणताही पेपर उघडा. प्रश्न असतो, पण दुसऱ्या वाक्याच्या पोटात: आम्ही तपासलं की अमुक होतं का, तमुक कसं होतं ते स्पष्ट नाही, हे कशावर अवलंबून आहे याचा शोध घेतला. इंग्रजीत प्रश्न असा पोटात गेला की ती सगळी कसरत रद्द होते. 'डू'ची गाडी परत पाठवायची, क्रियापद परत जागेवर, काळ परत त्याच्या अंगावर. 'हाऊ डज द ॲसिड रीच द रूट?' पण 'वी डू नॉट नो हाऊ द ॲसिड रीचेस द रूट.' आणि हो-नाहीचा प्रश्न असेल तर पुढे 'व्हेदर' किंवा 'इफ' लावायचा: 'वी टेस्टेड व्हेदर द ॲसिड रीचेस द रूट.'

शाळेत दोन-चार वर्षं आपण क्रियापद उलटवायचा इतका सराव केलेला असतो की पोटातही उलटवत राहतो. 'वी स्टडीड हाऊ डज द ॲसिड रीच', 'कॅन यू टेल मी व्हॉट इज द पीएच', हे प्रबंधांतून सर्रास असतं. हा नियम शाळेत येत नाही असं नाही. येतो, पण 'डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच' नावाच्या वेगळ्याच खोलीत, 'ही सेड टू मी'च्या गर्दीत. तिथे तो कोणीतरी कोणाला तरी विचारल्याचं कळवण्यापुरता. आपण आयुष्यभर लिहिणार आहोत ते प्रश्न त्याच साच्याचे, हे कोणी म्हणत नाही. वर क्रेन आणि नाकायामांचा प्रयोग सांगितला, त्यातही मुलांना आयता प्रश्न द्यायचा नाही म्हणून, जबाला विचार अमुक आहे का, असं पोटातल्या रूपातच सांगितलं होतं. उलटवायचं काम मुलाकडे ठेवलं. प्रयोग करणाऱ्यांना ज्या रूपाची किंमत कळली ती आपल्या पाठ्यक्रमाला कळलेली नाही.

बोलतानाही हेच रूप कामाला येतं. सेमिनारमध्ये ज्येष्ठ माणसाला सरळ 'व्हाय डिड यू' म्हणण्यापेक्षा 'आय वॉज वंडरिंग व्हेदर देअर वॉज अ कंट्रोल' म्हटलं की सूर खाली येतो. आपण नाही का म्हणत, 'सर, एक विचारायचं होतं, कंट्रोल होता का ते'? तेच. नम्रपणा वगैरे नंतर, पण यात 'व्हेदर' असल्यामुळे आपण काही ठरवून बोलत नाही, हा खरा फायदा. मागच्या बाकावरच्या शांततेचा अर्थ 'या मुलांना प्रश्नच पडत नाहीत' असा लावणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. प्रश्न पडलेले असतात. चहाच्या टपरीवर ते मराठीत इतके धारदार येतात की व्याख्यात्याने ऐकले तर तो वहीत उतरवून घेईल.

एक मात्र कबूल करते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या माझ्या लॅबमेट 'डिड'मध्ये चुकत नाहीत, पण गृहीतकात अगदी माझ्यासारख्याच चुकतात. त्यांनीही तेच अधोरेखित भाग सोडवलेत. तेव्हा हे माध्यमाचं रडगाणं नाही.

ज्युनिअरकडे परत येते. तिच्या पहिल्या प्रश्नासमोर मी पेन्सिलीने लिहिलं: 'वाढतं हे कोणी सांगितलं?' ती गोंधळली. म्हणाली, प्लेटवर हेलो छान येतोय. पिकोव्हस्काया माध्यमावर वसाहतीभोवती पारदर्शक कडं येतं, ते ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळल्याचं. पण ते कडं काचेच्या बशीत आलं. तिचा प्लॉट आहे काळ्या, चुनखडीच्या जमिनीत. अशा जमिनीची बफर करण्याची ताकद मोठी असते. जिवाणूने सोडलेलं आम्ल तिथे दबून जातं आणि प्लेटवरची करामत शेतात दिसेलच असं नाही. तिच्याच संदर्भ-आढाव्यात दोन पेपर होते ज्यांत शेतात उत्पादन वाढलेलं नव्हतं. ते तिने वाचले होते, टिपणंही नीट काढली होती. तिच्या प्रश्नात मात्र त्यांना शिरायला दारच नव्हतं. 'हाऊ डू'ने दार लावून घेतलं होतं.

मग आम्ही एक खेळ केला, तुम्हीही करून बघा. तिच्या एका विधानातून पाच वेगवेगळे प्रश्न काढले आणि प्रत्येकाच्या खाली मराठीत लिहिलं की हा प्रश्न काय धरून चालतो. 'कोणते जिवाणू वाढवतात' हा धरतो की काहीतरी वाढवतं आणि ते जिवाणूच आहेत. 'किती वाढवतात' हा धरतो की वाढ आहे, आकडा फक्त हवा. 'कोणत्या जमिनीत वाढवतात' हा त्यातल्या त्यात बरा, पण कुठेतरी वाढतं हे धरतोच. शेवटी राहिला, वाढवतात का. तो इंग्रजीत लिहिताना तिने 'टू डिटरमिन व्हेदर' असं लिहिलं आणि मान वर करून म्हणाली, "ताई, पण मग नाही वाढलं तर?"

तर 'नाही' हे उत्तर. ते लिहायला थिसिसमध्ये जागा लागते, आणि प्रयोगातही लागते. 'कसं' विचारत होती तोवर तिच्या आराखड्यात दोनच प्रकारचे वाफे होते: जिवाणू दिलेले आणि काहीच न दिलेले. 'वाढवतात का' म्हटल्यावर लगेच दिसलं की जिवाणूंबरोबर त्यांचं पोषक द्रव्य आणि वाहकही जमिनीत पडतो. वाढ झालीच तर ती त्याचीही असू शकेल. म्हणजे मारलेल्या जिवाणूंचा, ऑटोक्लेव्ह करून दिलेला, तिसरा वाफा हवा. सगळ्या पुनरावृत्ती धरून तिला आणखी चार वाफे लागतात.

गाइडना दाखवलं तर ते म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण जागा कुठून आणणार? प्लॉटची मागणी जूनमध्येच गेली. ती आता शेजारच्या विभागाकडे वाफे मागायला खेटे घालतेय. पेरणी सप्टेंबरच्या शेवटी आहे.